पत्त्यांचे यंत्र आणि परताव्याचे गणित

महाभारताच्या वनपर्वात नलराजाची कथा आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाच्या पदरी सारथी म्हणून राहिला होता. प्रवासात ऋतुपर्णाने वाटेतील एका बेहड्याच्या वृक्षाकडे पाहून त्याची पाने व फळे किती, हे क्षणार्धात सांगितले. नलाने रथ थांबवून मोजणी केली, तेव्हा ती संख्या बरोबर निघाली. ऋतुपर्णाने त्याला हे संख्याज्ञान आणि त्यासोबत ‘अक्षहृदय’, म्हणजे फाशांचे मर्म, शिकविले. त्या विद्येच्या बळावर नलाने गेलेले राज्य परत मिळविले. झाडाची पाने मोजण्याची कला आणि फाशांचे रहस्य या दोन गोष्टी कथाकाराने एकाच गुरूच्या मुखी घातल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दैवाच्या खेळात जे काही जाणता येते ते मोजणीनेच जाणता येते, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी असावी.

युरोपात या मोजणीला शास्त्राचे रूप आले ते १६५४ साली. त्या वर्षी पास्कल व फेर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट राहिलेल्या जुगारातील पैसे कसे वाटावेत, या प्रश्नावर पत्रव्यवहार केला. त्यातून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले. आज विमा, पिकांचे अंदाज आणि औषधांच्या चाचण्या या साऱ्यांचा आधार तेच शास्त्र आहे. ते जेथून निघाले तेथे, म्हणजे जुगाराच्या एका यंत्रापुढे, त्याला पुन्हा उभे करून पाहणे उद्‌बोधक ठरते.

हे यंत्र म्हणजे व्हिडिओ पोकर. आपल्या देशात अशी यंत्रे उघडपणे पाहावयास मिळतात ती मुख्यतः गोव्यात. गोव्याच्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत विजेवर चालणाऱ्या यंत्रांच्या खेळांना परवानगी मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील कॅसिनोंना मार्ग मोकळा झाला. पणजीच्या धक्क्यावरून मांडवीच्या पात्रात नांगरलेली ही दिव्यांनी झगमगणारी जहाजे कोणासही दिसतात. महाराष्ट्रात मात्र १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा चालू आहे. येथेही १९७६ साली कॅसिनोंविषयी एक कायदा संमत झाला होता. पण तो कधीच अमलात आणला गेला नाही आणि २०२३ साली रद्द झाला.

यंत्राची रचना समजण्यास सोपी आहे. पैसे लावून कळ दाबली की पडद्यावर बावन्न पत्त्यांच्या जोडातील पाच पत्ते उघडतात. त्यांपैकी हवे ते ठेवावयाचे आणि नको ते टाकावयाचे. टाकलेल्यांच्या जागी उरलेल्या सत्तेचाळीस पत्त्यांतून नवे येतात. शेवटी हाती जे पाच पत्ते राहतील त्यांवर बक्षीस ठरते. समोर दुसरा खेळाडू नसतो. त्यामुळे मुद्रा वाचणे, थाप मारणे, यांपैकी काहीही नसते. खेळाडूची गाठ असते ती केवळ एका तक्त्याशी.

तो तक्ता यंत्राच्या अंगावर किंवा पडद्यावर छापलेलाच असतो. सर्वांत प्रचलित प्रकारात गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांची जोडी आली, तर लावलेला पैसा परत मिळतो, म्हणजे १ पट. दोन जोड्यांना २ पट, तीन सारख्या पत्त्यांना ३ पट, लागोपाठच्या पाच पत्त्यांना, म्हणजे स्ट्रेटला, ४ पट. पाचही पत्ते एकाच रंगाचे, उदाहरणार्थ सर्व बदाम, आले तर तो फ्लश. त्याला ६ पट. तीन सारखे आणि एक जोडी मिळून फुल हाउस. त्याला ९ पट. चार सारख्या पत्त्यांना २५, एकाच रंगाच्या लागोपाठच्या पाचांना ५०, आणि एकाच रंगाच्या दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या पाच पत्त्यांना, म्हणजे रॉयल फ्लशला, ८०० पट.

बावन्न पत्त्यांतून पाच पत्ते निवडण्याचे एकूण २५,९८,९६० प्रकार आहेत. शाळेच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यास हा आकडा काढता येईल: ५२, ५१, ५०, ४९ व ४८ यांचा गुणाकार करावा आणि त्यास १२० ने भागावे. या सव्वीस लाखांच्या जवळपास प्रकारांत रॉयल फ्लश फक्त ४, चार सारखे ६२४, फुल हाउस ३,७४४ आणि फ्लश ५,१०८ वेळा येतो. यातील निम्म्याहून अधिक, १३,०२,५४० प्रकार असे आहेत की, ज्यांत जोडी, स्ट्रेट किंवा फ्लश यांपैकी काहीच नाही. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० पत्ते असतात. त्यांतून पाच निवडावयाचे म्हटले, तर प्रकारांची संख्या १९,०५,७८,०२४ होते. पत्ते दुपटीहून थोडे अधिक, पण प्रकार सुमारे त्र्याहत्तर पट! संचयांची संख्या कोणत्या वेगाने वाढते, हे यावरून कळावे.

परंतु यंत्रात पत्ते बदलता येत असल्याने नुसती पहिली मोजणी पुरत नाही. पाचांपैकी प्रत्येक पत्ता ठेवावा किंवा टाकावा असे दोन पर्याय असल्यामुळे निवडीचे ३२ मार्ग होतात, आणि त्यांतील एकच, क्वचित दोन समान मूल्याचे, सर्वांत चांगले असतात. हे ठरविण्यासाठी गणितज्ञ ‘अपेक्षित मूल्य’ ही कल्पना वापरतात. प्रत्येक संभाव्य निकालाच्या बक्षिसांची बेरीज करून तिला निकालांच्या संख्येने भागले की ते मूल्य मिळते.

समजा, हाती बदामाचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि सत्ती असे पाच पत्ते आले. हा तयार फ्लश आहे. तो ठेवला तर ६ पट निश्चित. सत्ती टाकून चार पत्ते ठेवले, तर काय होईल? उरलेल्या ४७ पत्त्यांत बदाम दश्शी एक आहे. तिला ८०० पट. अन्य बदाम सात आहेत. त्यांपैकी कोणताही आला तरी पुन्हा फ्लश, म्हणून सातांचे ४२. इतर रंगांच्या तीन दश्श्यांनी स्ट्रेट होतो, त्यांचे १२. इतर रंगांचे एक्के, राजे, राण्या व गुलाम मिळून बारा, त्यांतील कोणत्याहीने जोडी जमते व पैसा परत मिळतो, त्यांचे १२. एकूण ८६६; त्यास ४७ ने भागले असता १८.४३. तेव्हा हातातील ६ सोडून देणे योग्य ठरते, जरी ४७ पैकी २४ वेळा काहीच मिळणार नसले तरी.

दुसरे उदाहरण याहून बोधक आहे, कारण त्यात सामान्य खेळाडू हमखास चुकतो. बदाम राजा, किलवर राजा, बदाम दुर्री, बदाम सत्ती व बदाम नव्वी असा हात आला. राजांची जोडी ठेवावी, की चार बदाम ठेवून पाचव्याची वाट पाहावी? चार बदाम ठेवले तर नऊ पत्त्यांनी फ्लश होतो, त्याचे ५४. उरलेल्या दोन राजांनी जोडी जमते, त्याचे २. म्हणजे ५६ भागिले ४७, अर्थात १.१९. जोडी ठेवून तीन पत्ते बदलले तर १६,२१५ प्रकार होतात आणि त्यांची सरासरी १.५४ भरते. म्हणून जोडी ठेवावी. पण जोडी राजांची नसून सत्तीची असती, आणि राजा एकटा बदामाचा असता, तर उत्तर उलटे झाले असते. सत्तीच्या जोडीला स्वतःचे बक्षीस नाही. तिचे मूल्य ०.८२ एवढेच, आणि चार बदामांचे १.२१. एका जोडीच्या जागी दुसरी आली एवढ्याने योग्य निवड पालटते. ‘मनाचा कौल’ येथे निरुपयोगी आहे.

आता यंत्र निवडण्याचा मुख्य प्रश्न. प्रत्येक हातात सर्वोत्तम निवड केली असे धरले, तर वर दिलेल्या तक्त्याच्या यंत्रात फुल हाउस शंभर हातांत सुमारे १.१५ वेळा आणि फ्लश १.१० वेळा येतो. सर्व बक्षिसांची अशी बेरीज केल्यास लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी ९९ रुपये ५४ पैसे परत येतात. जाणकार या यंत्राला ‘नऊ-सहा’चे यंत्र म्हणतात, कारण ओळख पटविण्यास फुल हाउसचे ९ आणि फ्लशचे ६ हे दोनच आकडे पुरतात. चालक परतावा कमी करतो तो बहुधा येथेच. गुलामाची जोडी किंवा रॉयल फ्लश यांच्या बक्षिसाला हात लावला, तर खेळणाऱ्याच्या ध्यानात येईल. पण ९ चे ८ आणि ६ चे ५ झाल्याचे कोण पाहतो? तेवढ्या बदलाने परतावा ९७.३० वर येतो. नऊ-पाचच्या यंत्राचा परतावा ९८.४५, आठ-सहाचा ९८.३९, सात-पाचचा ९६.१५ आणि सहा-पाचचा ९५.०० असतो. बाहेरून ही सर्व यंत्रे एकसारखी दिसतात, पडदा तोच, गाणे तेच. फुल हाउसच्या बक्षिसातील एक अंक कमी होणे म्हणजे शंभर रुपयांमागे सुमारे सव्वा रुपया कमी होणे.

सव्वा रुपया क्षुल्लक वाटेल. पण यंत्राचा वेग ध्यानात घ्यावा. सरावलेला माणूस तासाला पाचशे हात सहज खेळतो. एका हाताला दहा रुपये धरले तर तासाभरात पाच हजार रुपये लावले जातात. हे नवे पैसे नसून तेच पुनःपुन्हा फिरलेले असतात, पण सरासरी तोटा फिरलेल्या रकमेवर मोजावयाचा असतो. नऊ-सहाच्या यंत्रावर हा तोटा तासाला २३ रुपये, आठ-पाचवर १३५ आणि सहा-पाचवर २५० रुपये. यात निवडीच्या चुका धरलेल्या नाहीत. त्या धरल्या की प्रत्येक आकडा वाढतो.

आणखी एक सापळा नाण्यांच्या संख्येत असतो. बहुतेक यंत्रांत एका हातावर एक ते पाच नाणी लावता येतात. पाच नाण्यांवर रॉयल फ्लशला ४,००० नाणी, म्हणजे ८०० पट मिळते. पण एका नाण्यावर ८०० ऐवजी २५० च. त्यामुळे एकेक नाणे लावून सावधपणे खेळणाऱ्याचा परतावा ९८.४ च्या आसपास उतरतो. सावधपणाची ही किंमत चालकाने हेतुपुरस्सर ठेवलेली असते. उपाय एवढाच की, ज्याला एकच नाणे लावावयाचे आहे त्याने लहान मोलाचे यंत्र शोधून त्यावर पाच लावावीत.

येथवर जे सांगितले ते सरासरीविषयी. सरासरी आणि अनुभव यांत मोठे अंतर असते. नऊ-सहाच्या यंत्रावर उत्तम खेळणाऱ्यालाही शंभरांपैकी ५४ ते ५५ हातांत काहीच मिळत नाही, आणि आणखी २१ हातांत फक्त लावलेला पैसा परत येतो. रॉयल फ्लश सरासरीने ४०,३९१ हातांत एकदा येतो आणि एकूण परताव्यातील जवळजवळ दोन टक्के त्या एकाच निकालावर अवलंबून असतात. तो आला नाही तर परतावा ९७.५६ एवढाच राहतो. चाळीस हजार हात खेळल्यावर तो ‘यायलाच हवा’ असेही नाही. इतके हात खेळूनही तो न येण्याची शक्यता शंभरात ३७ आहे. आणि तितके हात झाल्यावर तो जवळ आला आहे, अशी समजूत करून घेणे तर साफ चूक होय. यंत्राला मागचे काही आठवत नाही.

काही देशांत याहूनही उदार यंत्रे झाली. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात दुर्रीला वाटेल त्या पत्त्याचे स्थान देणारा एक प्रकार होता; त्याच्या पूर्ण बक्षिसांच्या तक्त्याचा परतावा १००.७६ भरत असे. म्हणजे निर्दोष खेळणाऱ्याला सिद्धान्ततः नफा. आपल्या देशात मात्र हे गणित तक्त्यावर संपत नाही. कॅसिनोत चिपा विकत घेताना त्यांच्या पूर्ण किमतीवर वस्तू व सेवा कर आकारण्याची पद्धत १ ऑक्टोबर २०२३ पासून आली. तेव्हा दर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर खेळणाऱ्याकडून वसूल झाला, तर हजार रुपयांच्या चिपांमागे ४०० रुपये खेळ सुरू होण्यापूर्वीच जातात. एकदा घेतलेल्या चिपा कितीदाही लावल्या तरी कर पुन्हा पडत नाही, हे खरे. पण नऊ-सहाच्या यंत्रावर तेवढेच ४०० रुपये सरासरीने गमावण्यासाठी दहा रुपयांचे सुमारे ८,७०० हात, म्हणजे सतरा तासांहून अधिक खेळ लागेल. शिवाय जिंकलेल्या रकमेवर आयकर ३० टक्के दराने द्यावा लागतो आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. तेव्हा आठ-पाच आणि नऊ-सहा यांतील फरक खरा असला, तरी या आकड्यांपुढे तो किरकोळ ठरतो.

वरील सारे हिशेब एका गृहीतावर उभे आहेत: यंत्रातील जोड खराखुरा बावन्न पत्त्यांचा आहे आणि त्यातील प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता सारखी आहे. हे गृहीत जुन्या काळापासून धोक्याचे आहे. १८९१ च्या सुमारास ब्रुकलिनच्या सिटमन व पिट या पेढीने पोकरचे यांत्रिक यंत्र काढले. त्यात पाच फिरती पिंपे होती व प्रत्येकावर दहा पत्ते. म्हणजे एकूण पन्नासच. बहुधा इस्पिक दश्शी व बदाम गुलाम गाळलेले असत. दोन पत्ते गेल्याने काय बिघडले, असे वाटेल. पण रॉयल फ्लश होण्याचे चार मार्ग होते, त्यांतील दोन त्यामुळे बंद झाले. बक्षीस म्हणून मद्यालयात एखादा पेला किंवा चिरूट मिळे, पैसा नव्हे, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे सत्तरीच्या दशकात हे यंत्र विजेच्या पडद्यावर आले आणि १९७९ साली साय रेड यांच्या कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. आता पत्ते पिंपावर नसून आज्ञावलीत आहेत. पिंपावरचे पत्ते निदान मोजता येत होते.

नेवाडात यासाठी नियम आहे की, पत्त्यांचे चित्र दाखविणाऱ्या यंत्रात प्रत्येक पत्ता येण्याची संभाव्यता खऱ्या जोडातील संभाव्यतेइतकीच असली पाहिजे. तक्ता वाचून परतावा काढण्याची सारी विद्या या एका नियमाच्या आधारावर टिकते. तरीही १९८९ साली तेथेच एका चालक कंपनीच्या यंत्रांत सर्वांत मोठी बक्षिसे लागू नयेत अशी योजना आज्ञावलीत केल्याचे आढळले, आणि त्या कंपनीला परवाना गमवावा लागला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापुढे १९९५ साली कर्नाटकातील व्हिडिओ खेळांच्या यंत्रांचा खटला आला. यंत्रांत फेरफार करून जिंकण्याची संधी कमी करता येते, हा मुद्दा तेथे चर्चिला गेला आणि अशा यंत्रांवर परवान्याचे नियंत्रण ठेवण्याचा शासनाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. शहरांतील गल्लीबोळांत ‘व्हिडिओ गेम’ अशी पाटी लावून चोरून चालणाऱ्या यंत्रांना तर कोणताच नियम लागू नसतो. त्यांवर नऊ-सहाचा तक्ता रंगविला तरी तो एक चित्र आहे. त्यापासून परतावा काढणे म्हणजे घड्याळाच्या चित्रावरून वेळ सांगणे. मोबाईलच्या पडद्यावर पैसे लावून खेळावयाच्या अशाच खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला.

मग खेळणाऱ्याने स्वतः यंत्राची परीक्षा घेतली तर? हाही हिशेब करून पाहण्याजोगा आहे. रॉयल फ्लश मुद्दाम अडविलेला आहे, असा संशय आहे असे समजू. प्रामाणिक यंत्रातही तो सलग पुष्कळ काळ न येणे शक्य असते. म्हणून संशय पक्का होण्यासाठी असा टप्पा गाठला पाहिजे की, तेवढ्या हातांत प्रामाणिक यंत्राने तो न देण्याची शक्यता शंभरात पाचच उरेल. ४०,३९१ च्या तिप्पट, म्हणजे १,२१,१७३ हात खेळल्यावर हा टप्पा येतो. तासाला पाचशे या वेगाने त्यास सुमारे २४२ तास लागतील, रोज आठ तास बसले तर पूर्ण एक महिना. हाताला दहा रुपये धरता बारा लाखांहून अधिक रुपये यंत्रातून फिरतील, आणि रॉयल फ्लश वगळून राहिलेल्या ९७.५६ टक्के परताव्याने, इतर सर्व पत्ते चोख आहेत असे मानूनही, त्यांपैकी सुमारे साडेएकोणतीस हजार रुपये परत येणार नाहीत. एवढे करून जे हाती येईल ते शंभरात पंचाण्णव खात्रीचे एक अनुमान. यंत्राची आज्ञावली उघडून पाहण्याचा अधिकार ज्या परीक्षकास आहे, त्याला तेच उत्तर एका बैठकीत मिळते.